घरगुती ध्वनिमुद्रणासाठी तालप्रणालीची निवड : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

घरच्या संगणकावर गीत ध्वनिमुद्रित करताना तालवाद्यांचा भाग सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तयार करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. बाजारातील बहुतेक तालप्रणाली पाश्चात्त्य ड्रमसेट व चार मात्रांचा खंड गृहीत धरून घडविलेल्या आहेत. मराठी गीतप्रकारांसाठी प्रणाली निवडताना किंमत व प्रसिद्धी यांपेक्षा मात्रा, बोल, सूर, लय आणि विलंब हे पाच निकष अधिक उपयोगी ठरतात, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : तालप्रणाली, ठेका, ध्वनिनमुना, ढोलकी, मिडी, घरगुती ध्वनिमुद्रण

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन सांस्कृतिक उपक्रमांत ध्वनिमुद्रित संगीताची गरज सातत्याने भासते. युवा महोत्सवातील लोकनृत्याची साथ, एकांकिकेचे पार्श्वसंगीत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथनाट्याचे गीत, अभ्यासक्रमातील दृक्-श्राव्य प्रकल्प अशा अनेक निमित्तांनी विद्यार्थी घरच्या संगणकावर गीते तयार करतात आणि मार्गदर्शनासाठी अध्यापकांकडे येतात. गायन, पेटी, गिटार यांचे मुद्रण एका बऱ्या मायक्रोफोनवर होऊ शकते. अडचण येते ती तालवाद्याची. त्यामुळे 'कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?' हा प्रश्न सर्वप्रथम तालाच्या संदर्भात उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा लोकप्रिय नावांच्या यादीतून शोधले जाते. वास्तविक, कोणता ताल वाजवावयाचा आहे हे ठरल्याखेरीज त्या यादीचा उपयोग नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू अध्यापकांना असे काही निकष उपलब्ध करून देण्याचा आहे, की ज्यांच्या आधारे कोणतीही नवी अथवा जुनी प्रणाली त्यांना स्वतः पारखून पाहता येईल.

२. उपनगरातील घर आणि तालवाद्य

अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांच्या मुंबई उपनगर जिल्ह्यात संगीताचे वैविध्य मोठे आहे. अंधेरीच्या वेसावे कोळीवाड्यात कोळीगीते आहेत. भांडुप-मुलुंडपासून बोरिवली-दहिसरपर्यंत स्थिरावलेल्या कोकणी कुटुंबांत डबलबारी भजन आणि शक्ती-तुरा आहे. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरासारख्या वस्त्यांत भीमगीतांची परंपरा आहे. बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथे नवरात्रात गरबा होतो, तर गणेशोत्सवात सर्वत्र बेंजो पथके वाजतात. या प्रत्येक प्रकाराचा ताल निराळा, वाद्य निराळे आणि लय वाढविण्याची रीतही निराळी आहे.

याउलट, मुद्रणासाठी उपलब्ध जागा मात्र सारखीच अपुरी असते. दोन खोल्यांच्या सदनिकेत ड्रमसेट किंवा ढोलकी मोकळेपणाने वाजविणे अवघड असते. ड्रमसेटचा आवाज खोलीत सहज १०० डेसिबलच्या वर जातो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बाहेरून येणारा आवाजही थांबत नाही. पश्चिम व मध्य रेल्वेच्या लोकल गाड्या, रस्त्यावरील वाहने आणि घाटकोपरवरून खाली उतरणारी विमाने यांचा आवाज संवेदनशील मायक्रोफोन तत्परतेने टिपतो. म्हणून तालाचा भाग संगणकातच तयार करणे ही येथे हौस नसून बहुतेकांच्या बाबतीत निकड असते.

३. तालयंत्रांचा पूर्वेतिहास आणि त्यातील गृहीतके

आजच्या प्रणालींची रचना समजण्यासाठी त्यांचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. १९८० मध्ये अमेरिकेतील रॉजर लिन यांचे 'एलएम-१' हे यंत्र आले. खऱ्या ड्रमच्या आवाजांचे अंकीय नमुने वाजविणारे ते पहिले तालयंत्र मानले जाते. त्याच वर्षी जपानच्या रोलँड कंपनीचे 'टीआर-८०८' बाजारात आले. त्यावर १६ कळांची एक ओळ होती. ज्या घरात कळ दाबावी तेथे आघात होई. आजच्या बहुसंख्य तालप्रणालींच्या पडद्यावर दिसणारी १६ घरांची जाळी या रचनेचीच वंशज आहे.

या यंत्राच्या वापराचे एक लक्षणीय उदाहरण मुंबईचेच आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाची ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये केली. तीत टीआर-८०८ सोबत रोलँडचीच 'टीबी-३०३' व 'ज्युपिटर-८' ही यंत्रे वापरली होती. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर तिला जगभर मान्यता मिळाली. या प्रयोगाचे मोल निर्विवाद आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दहा रागांचे स्वर यंत्रावर उतरले, परंतु त्यांच्याखाली वाजला तो डिस्कोचा चार मात्रांचा ठोका. शीर्षकातच ते नमूद असल्याने तो कलावंताचा जाणीवपूर्वक निर्णय होता. आज मात्र असा निर्णय अनेकदा प्रणालीच घेते आणि वापरणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

१९८३ मध्ये विविध कंपन्यांच्या वाद्ययंत्रांना जोडणारे 'मिडी' हे प्रमाणक आले. मिडीमध्ये ध्वनी साठविला जात नाही. कोणता स्वर, केव्हा आणि १ ते १२७ पैकी किती जोराने वाजवावयाचा, एवढीच सूचना साठविली जाते. १९९१ च्या 'जनरल मिडी' प्रमाणकात १२८ वाद्यांची क्रमवारी ठरली. तीत सतार व सनई यांना स्थान मिळाले. तालवाद्यांच्या स्वतंत्र यादीत बोंगो, काँगा, टिंबाली, त्रिकोण इत्यादी आले. तबला, पखवाज अथवा ढोलकी आली नाही. परिणामी, अशा प्रमाणित संचावर आपला ठेका उतरवू पाहणाऱ्यास बोंगो-काँग्यांवर भागवावे लागले.

याच काळात दुसराही एक विचार झाला होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड बेल व जेम्स किपेन यांनी तबल्याच्या कायद्यांचे व्याकरण संगणकाला शिकविण्यासाठी 'बोल प्रोसेसर' ही प्रणाली विकसित केली. लखनौ घराण्याच्या वादनाचा अभ्यास तिच्या मुळाशी होता. महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनकार्यातही बेल यांचा पुढे सहभाग राहिला. या प्रणालीचा आरंभबिंदू जाळीतील घर नसून 'बोल' हा होता. ती आजही विनामूल्य उपलब्ध आहे. घरगुती मुद्रणासाठी ती सोयीची नसली, तरी संगणकावर तालाचा विचार आपल्या परिभाषेत करता येतो याची ती साक्ष आहे.

४. निवडीचे निकष

४.१ मात्रा आणि सम : प्रणालीत ७, १० व १४ मात्रांचे आवर्तन मांडता येते काय, हे प्रथम पाहावे. केरवा, धुमाळी व भजनी ठेका हे ८ मात्रांचे असल्याने चारच्या हिशेबात सहज बसतात. दादरा ६ मात्रांचा असल्याने तोही बसतो. रूपक (७), झपताल (१०) व दीपचंदी (१४) यांच्या बाबतीत प्रणालीची खरी परीक्षा होते. एफएल स्टुडिओसारख्या प्रसिद्ध प्रणालीतही मात्रासंख्या बदलण्याची रीतसर सोय २०१८ च्या विसाव्या आवृत्तीत आली.

केवळ मात्रांची बेरीज जुळणे पुरेसे नाही. झपतालाचे विभाग २-३-२-३ असे असून सहाव्या मात्रेवर खाली येते. ५ मात्रांचा एकच तुकडा दोनदा वाजविल्यास बेरीज १० होईल, पण झपताल होणार नाही. रूपकात तर पहिल्याच मात्रेवर खाली असते. पहिली मात्रा जोराची असे गृहीत धरणारी प्रणाली तेथे आपणहून बास ड्रम वाजवते व रूपकाचे रूपच उलटे होते.

४.२ बोल व खाली-भरी : पाश्चात्त्य तालप्रणालीला आघात 'जोराचा' किंवा 'हलका' एवढाच भेद प्रामुख्याने कळतो. आपल्या तालात खाली म्हणजे तोच आघात हलक्या हाताने वाजविणे नव्हे. तेथे डग्ग्याचा खुला नाद थांबतो, 'धा'च्या जागी 'ता' येतो. म्हणून वाद्यसंग्रहात डग्गा व तबला, किंवा ढोलकीची चाटी व धुमा, यांचे नमुने स्वतंत्रपणे उपलब्ध असले पाहिजेत. तसेच एका बोलाचे किमान तीन-चार निरनिराळे नमुने असावेत. एकच नमुना पुनःपुन्हा वाजला की द्रुत लग्गीमध्ये तो शिवणयंत्रासारखा ऐकू येतो.

४.३ सूर : तबला, पखवाज व ढोलकी ही सुरात लावावयाची वाद्ये आहेत. शाईमुळे या वाद्यांच्या उपस्वरांमध्ये सुसंवादी संबंध निर्माण होतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले होते. त्यामुळे नमुन्यांची पट्टी बदलण्याची सोय आवश्यक ठरते. मात्र तिला मर्यादा आहेत. काळी एकला लावलेल्या वाद्याचा नमुना काळी चारला नेणे म्हणजे तो ७ अर्धस्वर चढविणे होय. साध्या पद्धतीने तो चढविल्यास त्याची लांबी सुमारे एक तृतीयांशाने घटते आणि वाद्याचे तोंड लहान झाल्यासारखा आवाज येतो. प्रत्यक्षात वादक अशा वेळी दुसरा तबला घेतो. चांगल्या संग्रहातही निरनिराळ्या पट्ट्यांचे नमुने वेगळे असतात. डग्ग्याची मींड हा याच निकषाचा दुसरा भाग होय. मींडेचे स्वतंत्र नमुने नसलेला डग्गा निर्जीव वाटतो.

४.४ लय : डबलबारीच्या गजरात लय सतत चढत जाते. ती मिनिटाला ९० मात्रांवरून १६० पर्यंत नेली, तर वेग जवळजवळ पावणेदोन पट होतो. मिडीच्या सूचना कोणत्याही वेगाने निर्दोष वाजतात, कारण त्यांत फक्त वेळ बदलते. उलट, ध्वनिमुद्रित 'लूप' ताणला किंवा आवळला जातो. पाच-दहा टक्क्यांपलीकडे गेल्यास त्याचा परिणाम सरावलेल्या कानाला जाणवू लागतो. स्थिर लयीच्या भावगीताला लूप चालेल, गजराला मिडीच हवे, असा ढोबळ नियम सांगता येईल.

लयीचा आणखी एक सूक्ष्म पैलू म्हणजे झोल. आघात जवळच्या रेषेवर आपोआप सरकविण्याच्या सुविधेला 'क्वांटाइझ' म्हणतात. लिन यांनी त्यासोबत 'स्विंग'ची सोय दिली. तीत ५० टक्के म्हणजे सरळ दुगुन आणि सुमारे ६६ टक्के म्हणजे तिस्र अंग. भजनी ठेक्याची डौलदार चाल बहुधा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. स्विंगचे प्रमाण टक्क्याटक्क्याने बदलता येत नसेल, तर ती प्रणाली या ठेक्यास अपुरी समजावी.

४.५ विलंब : कळ दाबल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत लागणारा वेळ म्हणजे विलंब. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने संगणक २५६ नमुन्यांचा साठा करून वाजवत असेल, तर त्या साठ्यामुळे ५.८ मिलिसेकंद विलंब होतो. १,०२४ नमुन्यांचा साठा असेल, तर २३.२ मिलिसेकंद. ध्वनीच्या हवेतील वेगाचा विचार करता पहिला विलंब म्हणजे ढोलकीवाला दोन मीटरवर बसणे आणि दुसरा म्हणजे आठ मीटरवर बसणे. माऊसने घरे भरणाऱ्यास याचा त्रास नाही. पॅडवर हाताने वाजविणाऱ्याला मात्र आठ मीटरवरून ठेका धरणे कठीण जाते. खरेदीपूर्वी आपल्याच संगणकावर हे तपासून पाहणे इष्ट.

५. उपलब्ध प्रणालींचे वर्गीकरण

वरील निकषांच्या आधारे सध्याच्या साधनांचे चार वर्ग पाडता येतात.

(अ) साथीची साधने : बंगळूरच्या रॅडेल कंपनीची 'तालमाला', तसेच मोबाइलवरील 'आयतबला प्रो' ही साधने रियाजासाठी आहेत. मात्रा, पट्टी व ठेका या बाबतीत ती आपल्या परंपरेशी प्रामाणिक आहेत. मात्र त्यांत ठेका तयार मिळत असल्याने गीताच्या गरजेनुसार उठान, तोड किंवा तिहाई रचण्यास वाव मर्यादित असतो.

(आ) ड्रमसेटचे संग्रह : 'ईझीड्रमर', 'सुपीरिअर ड्रमर', 'ॲडिक्टिव्ह ड्रम्स' इत्यादी. बँडच्या धर्तीवरील गीतासाठी त्यांचा दर्जा उत्तम असतो व तेथे तेच निवडावेत. तथापि 'सुपीरिअर ड्रमर ३'चा मूळ संग्रह सुमारे २३० जीबींचा आहे. महाविद्यालयाच्या किंवा विद्यार्थ्याच्या साध्या संगणकास तो झेपत नाही. ढोलकीची उणीवही त्याने भरून निघत नाही.

(इ) भारतीय वाद्यांचे संग्रह : 'स्वरप्लग' किंवा नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची 'डिस्कव्हरी सिरीज : इंडिया'. यांत तबला-ढोलक यांचे नमुने व तयार ठेके मिळतात. येथे एक सावधगिरी हवी. 'ढोलक' आणि मराठी 'ढोलकी' ही एक वाद्ये नव्हेत. लावणीला उत्तरेकडील ढोलक लावल्यास जाणकार श्रोत्याला ते तत्काळ खटकते. संबळ, हलगी, दिमडी यांची गरज असल्यास संग्रहाच्या सूचीत त्यांची नावे आहेत का ते पाहूनच निर्णय घ्यावा.

(ई) मुक्त व अल्पमोली प्रणाली : 'हायड्रोजन' ही मुक्तस्रोत तालप्रणाली विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. आवर्तनाची लांबी हवी तितकी ठेवता येते आणि आपले स्वतःचे ध्वनिनमुने भरून नवा वाद्यसंच तयार करता येतो. संपूर्ण मुद्रणासाठी 'ऑडॅसिटी' विनामूल्य आहे, पण ती मुख्यत्वे ध्वनिसंपादनासाठी असल्याने मिडीवर ताल रचण्यास उपयोगी नाही. त्यासाठी 'एलएमएमएस' ही मुक्त प्रणाली किंवा ६० डॉलरच्या सवलतीच्या परवान्यात मिळणारी 'रीपर' विचारात घ्यावी. ॲपलचा संगणक असल्यास 'गॅरेजबँड' विनामूल्य मिळते.

६. परवान्याचा प्रश्न

महाग प्रणालीची चोरीची प्रत वापरण्याचा मोह सार्वत्रिक आहे. प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक आज्ञावलीची अवैध प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सर्वसाधारणपणे ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. महाविद्यालयाच्या संगणकावर अशी प्रत आढळल्यास प्रश्न केवळ विद्यार्थ्याचा राहत नाही. विनामूल्य प्रणाली उपलब्ध असताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही. 'रॉयल्टीमुक्त' लूप आपल्या गीतात वापरण्यास सामान्यतः मोकळीक असते, मात्र तोच लूप सुटा करून वाटण्यास किंवा विकण्यास नसते. परवान्यातील हा भेद विद्यार्थ्यांना समजावून सांगितला पाहिजे.

७. वादकाचे स्थान

तालप्रणालीच्या प्रसारामुळे ढोलकी, संबळ, पखवाज वाजविणाऱ्या कलावंतांच्या मुद्रणकामावर गदा येते, ही चिंता अनाठायी नाही. १९८५ मध्ये ऑक्टापॅड आल्यानंतर ऑर्केस्ट्रा व बेंजो पथकांत अनेक वाद्यांचे काम एक वादक करू लागला. तेव्हा निदान वाजविणारा हात माणसाचा होता. संगणकात तोही उरत नाही. विद्यार्थ्याला तयार लूपच ऐकण्याची सवय लागली, तर वादकासोबत श्रोत्याचा कानही बदलतो.

यावर एक व्यवहार्य मार्ग सुचवावासा वाटतो. परिसरातील ढोलकीवादकास सन्मानाने व मोबदला देऊन महाविद्यालयात एक दिवस निमंत्रित करावे. सुटीच्या दिवशी आतल्या बाजूच्या वर्गखोलीत सतरंज्या व पडदे लावून त्यांच्याकडून दहा बोल वेगवेगळे वाजवून घ्यावेत. प्रत्येक बोल चार तीव्रतांनी आणि प्रत्येक तीव्रता तीनदा घेतल्यास १२० नमुने होतात. प्रत्येकी दोन सेकंद धरल्यास, एका मायक्रोफोनवर १६ बिटांनी केलेले हे सर्व मुद्रण सुमारे २१ एमबींत मावते. 'हायड्रोजन'मध्ये हे नमुने भरले की महाविद्यालयाचा स्वतःचा ढोलकीसंच तयार होतो. त्याच बैठकीत पूर्ण ठेक्याची काही आवर्तनेही मुद्रित करून ठेवावीत. नमुन्यांवरून ठेका रचताना वादकाचा आघात रेषेच्या किती आधी वा नंतर पडतो हे त्यावरून मोजता येते.

हे करताना वादकाची लेखी संमती घ्यावी आणि नमुने कोणत्या कामासाठी वापरले जातील हे तीत स्पष्ट नमूद करावे. प्रतिलिपी अधिकार अधिनियमाच्या कलम ३८ व २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८ अ ने सादरकर्त्या कलावंताचे हक्क मान्य केले आहेत. प्रत्येक गीताच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव देणे हे तर किमान सौजन्य होय.

ठेका रचताना पुनरावृत्तीचेही भान ठेवावे. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत रूपकाचे एक आवर्तन ४.६७ सेकंदांचे होते. चार मिनिटांच्या गीतात अशी ५१ आवर्तने येतात. ती सर्व एकाच तुकड्याची नक्कल असतील, तर उत्तम नमुनेही कंटाळवाणे होतील. किमान चार पाठभेद, कडव्यापूर्वी उठान आणि समेवर येणारी एखादी तिहाई, एवढी तयारी विद्यार्थ्याकडून अपेक्षिली पाहिजे. आणि हे साध्य होण्यासाठी त्याला हातावर टाळी देऊन ठेका म्हणता आला पाहिजे.

८. निष्कर्ष

१. तालप्रणालीची निवड गीताच्या तालापासून सुरू व्हावी. ताल, वाद्य, पट्टी व लयीची चढण या चार बाबी कागदावर लिहून घेतल्यावरच सॉफ्टवेअरचा विचार करावा.

२. बँडच्या गीतासाठी ड्रमसेटचे संग्रह, स्थिर लयीच्या गीतासाठी भारतीय वाद्यांचे ठेके आणि चढत्या लयीच्या भजन-गजरासाठी मिडीवर चालणारे नमुने योग्य ठरतात.

३. मर्यादित निधी असलेल्या महाविद्यालयास 'हायड्रोजन' व 'एलएमएमएस' किंवा 'रीपर' यांची जोडी शिकविण्याच्या दृष्टीने पुरेशी आहे. उरलेला निधी महाग परवान्यापेक्षा चांगल्या मायक्रोफोनवर आणि वादकाच्या मानधनावर खर्च होणे अधिक हिताचे ठरेल.

४. प्रणाली खरेदी करण्यापूर्वी तिच्यात झपतालाची चार आवर्तने मांडून पाहावीत. सहावी मात्रा खाली म्हणून ऐकू आली आणि पाचवे आवर्तन समेवर नेमके सुरू झाले, तर ती प्रणाली आपल्या कामाची आहे असे समजण्यास हरकत नाही.